मान्सूनपूर्व कामे

मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयासाठी ११,८८,०८२ रुपये मंजूर झाले होते. खर्च आला ११,१९,९६९. १८८९ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेलं काम १८९३ च्या जुलैअखेर संपलं आणि वर अडुसष्ट हजार रुपये उरले. सरकारी बांधकामाविषयी आपल्या मनात जे काही पक्कं बसलेलं आहे त्याच्या अगदी उलट जाणारा हा हिशेब, म्हणून मुंबईच्या इतिहासावर बोलायला उभा राहिलेला माणूस तो हमखास सांगतो. टाळ्याही मिळतात. पण इमारत पुरी झाल्यावर जो खर्च सुरू होतो, छपराची पन्हळं साफ करायचा, फुटलेली कौलं बदलायचा, दगडांच्या सांध्यांत उगवलेला पिंपळ मुळासकट काढायचा, त्याचा आकडा कोणत्याही भाषणात येत नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या खर्चाविषयी आहे, आणि तो वेळच्या वेळी न केल्यामुळे पुढे जे मोठं काम करावं लागतं त्याविषयी.

पुस्तकाच्या मध्यभागी एक कार्यालय आहे. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत केलेली कामं पाहिली तर त्यांत एक सूत्र दिसतं. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, फोर्टातलं जे. एन. पेटिट वाचनालय, बाजारगेटचं बोमनजी होरमसजी वाडिया यांच्या नावाचं घड्याळाचं मनोरा-कारंजं, भायखळ्याची दोन चर्चेस. राजवाडा एकही नाही, किल्ला नाही. ज्या इमारतीत कोणीही सामान्य माणूस दिवसाढवळ्या, फारसं काही न विचारता शिरू शकतो अशा या जागा आहेत. या कामांना युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक विभागाचे पुरस्कार इतक्या वेळा मिळालेत की ती यादी इथे देत बसत नाही. पुरस्कार हा या विषयातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे असं माझं मत आहे आणि ते पुढे येईलच. हे कार्यालय एकटंही नाही. आभा नारायण लांबा यांनी ऑपेरा हाउस, डेव्हिड ससून ग्रंथालय आणि खुद्द महापालिकेचं मुख्यालय हाताळलं. राजाबाई टॉवरचं काम ब्रिंदा सोमाया यांच्या सोमाया अँड कलप्पा या संस्थेने केलं. तीन-चार कार्यालयं, काही मोजके कंत्राटदार आणि त्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या शिकलेले पाथरवट, सुतार, गवंडी एवढ्या माणसांच्या बळावर या शहराच्या सार्वजनिक इमारती उभ्या आहेत. फौज म्हणावी इतकी ही संख्या नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक जुना प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. इंग्रजांनी बांधलेल्या इमारती आपण कशासाठी जपायच्या? प्रश्न रास्त आहे, पण त्यातला ‘इंग्रजांनी बांधलेल्या’ हा भाग तपासून घ्यावा लागतो. राजाबाई टॉवरचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या लंडनच्या वास्तुविशारदाचा. तो स्वतः मुंबईत कधी आलाच नाही. पैसे प्रेमचंद रायचंदांचे: दोन लाख रुपये, आईच्या नावासाठी. प्रत्यक्ष कामावर सहायक अभियंता होते रावबहादुर मुकुंद रामचंद्र, आणि टॉवरवर उंच बसवलेले पश्चिम भारतातल्या जातीजमातींचे २४ पुतळे घडवले तेही त्यांनीच. व्हिक्टोरिया टर्मिनसचं श्रेय फ्रेडरिक स्टीव्हन्सला जातं आणि जायलाही हवं, पण त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य होते, आणि त्या दगडांत कोरलेली पानं-फुलं, प्राणी-पक्षी हे जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचं काम आहे. दगड वाहणारे आणि पाया खणणारे तेलंगणातून आलेले कामाठी होते, ज्यांच्या वस्तीचं नाव आजही कामाठीपुरा आहे. त्या नावाला पुढे जे चिकटलं ते त्यांचं कर्तृत्व नव्हे. पारशी, गुजराती, बगदादी ज्यू आणि मराठी अशा शेठिया-विद्वानांच्या देणग्या, मराठी अभियंत्यांची देखरेख आणि तेलुगू मजुरांचे हात हे सगळं वजा केलं तर या इमारतींत निव्वळ इंग्रजी असं फारसं उरत नाही. उरतो तो आराखडा, आणि सत्तेची जरब. ती जरब नाकारायचं कारण नाही. तिच्यासाठी इमारत मात्र पडू देऊ नये.

या वादात मला महात्मा फुल्यांची आठवण नेहमी होते. जोतीराव स्वतः बांधकामांचे कंत्राटदार होते. चुना, दगड, मजुरी, इंजिनीयर आणि त्यांची टक्केवारी हे सगळं त्यांनी आतून पाहिलेलं होतं. पुण्याच्या नगरपालिकेत सभासद असताना नव्या मंडईवर एवढा पैसा ओतण्याला त्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली, आणि आज तिला नाव आहे महात्मा फुले मंडई. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही त्यांचंच नाव मिळालं. नाव देताना कोणाला जोतीरावांचा विरोध आठवला असेल असं वाटत नाही. पण त्यांचा मूळ मुद्दा, सार्वजनिक पैसा कशावर आणि कोणासाठी, तो संवर्धनाच्या प्रत्येक निविदेला आजही लागू आहे, आणि या क्षेत्रातल्या लोकांनी तो अंगावर घ्यायला हवा.

आता कामाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की संवर्धन म्हणजे कोरीव काम, रंगीत काचा, सोन्याचा वर्ख. आतल्या माणसाला विचारलं तर तो पाण्याविषयी बोलू लागतो. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुन्या बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. उतरती छपरं, दोन छपरं मिळतात तिथली रुंद पन्हळं, भिंतीतून उतरणारे बिडाचे नळ, खोल व्हरांडे, खिडक्यांवरचे दगडी छज्जे, श्वापदांच्या तोंडांतून पाणी लांब फेकणाऱ्या मोऱ्या; या इमारतींच्या देखणेपणाचा मोठा हिस्सा पाणी वाहून नेण्याच्या व्यवस्थेतूनच आलेला आहे. मग काय होतं? एक नळ तुंबतो. त्याच्या कडेने भिंत ओली होते. कोणीतरी छपरावर डांबराचा थर देतं. पुढच्या वर्षी तो उकलतो, मग त्यावर दुसरा. कौलं फुटतात, ती मिळत नाहीत म्हणून पत्रे येतात. पत्रे गळतात म्हणून काँक्रीटचा स्लॅब येतो. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून ग्रंथालयावर असाच स्लॅब पडला होता. अलीकडच्या दुरुस्तीत तो काढून पुन्हा उतरतं छप्पर घातलं गेलं. म्हणजे मधल्या काळातल्या ‘सुधारणे’वर एकदा खर्च, आणि ती सुधारणा उतरवण्यावर दुसऱ्यांदा.

भिंतींचंही तेच. चुन्यात बांधलेली दगड-विटांची भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात सोडूनही देते. तिचं बरं चाललेलं असतं. सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच राहते, ओल्या अंगावर रेनकोट चढवावा तशी. समुद्राच्या हवेतले क्षार त्या ओलीबरोबर दगडात मुरतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. कुर्ल्याचा काळसर बेसाल्ट हे पुष्कळ सोसतो. मालाडचा पिवळसर दगड थोडं कमी. पोरबंदरचा मऊ चुनखडीचा दगड, ज्यात सगळी नक्षी कोरलेली असते, तो सगळ्यांत आधी जातो. त्यावर मग ऑइलपेंट लागतो. सार्वजनिक इमारतीत साहेब यायचे असले की दगडाला रंग देण्याची आपल्याकडे एक अजब हौस आहे. एका जुन्या वाचनालयात तर काळ्या दगडी खांबांना आधी पांढरा रंग देऊन त्यावर पुन्हा काळ्या रेघांनी दगड काढलेले मी पाहिले आहेत.

हे सगळं उतरवणं हा संवर्धनाच्या कामाचा निम्मा भाग. तो फोटोत दिसत नाही. परांची बांधायची, हलक्या हातोडीने गिलावा ठोकत जायचं, पोकळ आवाज आला तिथे खूण करायची, सिमेंट खरवडायचं, दर्जा मोकळ्या करायच्या आणि त्या चुन्याने भरायच्या. चुना विझवून आठवडेच्या आठवडे टाकीत मुरवावा लागतो. त्यात वाळू आणि विटांची सुरखी मळायची, काही कामांत गुळाचं आणि हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि त्याला घाई चालत नाही. गवंडी म्हणतो महिना लागेल, तर महिना. आता हे वेळापत्रक सरकारी वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. अंदाजपत्रक फेब्रुवारीत सादर, आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, कार्यादेश हातात पडतो एप्रिलमध्ये, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस. बाहेरच्या कामाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मे; त्यातला निम्मा फायलीत जातो.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं काम मला या सगळ्यात सर्वांत बोलकं वाटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. या संग्रहालयाची कल्पना १८५० च्या दशकातली. डॉ. जॉर्ज बर्डवूड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांनी लोकांकडून पैसे जमवले, १८६२ मध्ये पायाभरणी झाली, आणि तीन वर्षांतच कापसाच्या तेजीवर फुगलेला शेअरबाजार कोसळला. देणगीदार बुडाले. स्वतः भाऊ दाजींचीही आर्थिक वाताहत झाली. काम रखडलं, अखेर सरकारने पदरात घेतलं आणि २ मे १८७२ रोजी व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने दारं उघडली. बाहेरून शांत, प्रमाणबद्ध पॅलेडियन इमारत. आत विलायतेहून आणलेले बिडाचे खांब, मिंटनच्या फरशा, रंगवलेलं छत. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. नाव बदललं, पण इमारतीची अवस्था तीच राहिली, किंबहुना बिघडत गेली: गळकं छप्पर, ओल चढलेल्या भिंती, रंगावर रंगाचे थर.

२००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. मालकी महापालिकेची, पैशाचा मोठा हातभार प्रतिष्ठानचा, कौशल्य इंटॅकचं आणि संवर्धन वास्तुविशारद म्हणून दिलावरींचं. अशी तिहेरी व्यवस्था महापालिकेच्या संग्रहालयासाठी त्याआधी झालेली नव्हती. रंगांचे थर एकेक करत खरवडून मूळ रंगसंगती शोधली गेली, छतावरची छापील नक्षी पुन्हा उमटली, जिथे मूळचा वर्ख होता तिथे खऱ्या सोन्याचा वर्ख लागला, नक्षीच्या काचा आणि सागवानी कपाटं दुरुस्त झाली. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला त्यांचा सर्वोच्च, ‘उत्कृष्टता’ पुरस्कार दिला आणि जानेवारी २००८ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं.

आत पाऊल ठेवलं की डोळे दिपतात हे खरं. माझी आवड विचाराल तर तो सगळा सोनेरी-हिरवा थाट मला थोडा जास्त वाटतो; दुपारभर तिथे बसवत नाही. पण आवड हा निकष नव्हे. प्रश्न असा असतो की इमारत ‘पूर्ववत’ करायची म्हणजे कोणत्या सालची करायची? १८७२ ची, व्हिक्टोरियाच्या नावाने उघडलेली? की १९७५ ची, भाऊ दाजींच्या नावाची, पण भिंतींवर दहा थर आणि छताखाली ट्यूबलाइटी असलेली? इथे उत्तर पहिल्या बाजूने दिलं गेलं, आणि पुरावा तपासूनच दिलं गेलं. तरीही त्या आवाराची गंमत अशी की दुसरी बाजूही तिथेच उभी आहे. संग्रहालयाशेजारी, राणीच्या बागेत, १९६५ मध्ये शहराच्या चौकाचौकांतून हलवलेले इंग्रज राजेराण्यांचे पुतळे ठेवलेले आहेत. ज्याच्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोडाही त्यातच. आणि तिथेच घारापुरीचा दगडी हत्ती आहे, जो एकोणिसाव्या शतकात तिथून हलवताना यारीची साखळी तुटून फुटला आणि १९१४ मध्ये तुकडे जुळवून पुन्हा उभा केला गेला. मुंबईतलं संवर्धनाचं हे फार जुनं उदाहरण. सांधे जवळ जाऊन पाहिले की अजून दिसतात, आणि ते दिसावेत हेच योग्य.

या संग्रहालयाची गोष्ट २००८ मध्ये संपत नाही. पुढे ते दुरुस्तीसाठी पुन्हा बंद ठेवावं लागलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा खुलं झालं. यात कोणाला दोष द्यायचा हेतू नाही. पण एवढ्या नामवंत कामालाही पंधरा-सोळा वर्षांत पुन्हा परांची लागते, तर ज्या इमारतींना कधी पुरस्कारच मिळाला नाही त्यांचं काय होत असेल? संवर्धन ही एकदा करून मोकळं व्हायची गोष्ट नाही. मोठं काम वीस-पंचवीस वर्षांतून एकदा. त्याच्या मधलं प्रत्येक वर्ष मे महिन्यात छपरावर चढणाऱ्या माणसाचं.

फ्लोरा फाउंटनची कहाणी वेगळी, आणि आपल्या जिव्हाळ्याची. १८६४ चं हे कारंजं आराखड्याने नॉर्मन शॉचं, कोरीव कामाने जेम्स फोर्साइथचं, दगड इंग्लंडातला पोर्टलंड. उभं राहायचं होतं भायखळ्याच्या बागेत. उभं राहिलं पाडलेल्या किल्ल्याच्या चर्चगेट दरवाजाच्या जागी. तिथेच २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, आणि पुढे शेजारी हुतात्मा स्मारक आलं. एका चौकात रोमन फुलांची देवी आणि मशाल धरलेले शेतकरी-कामगार अशी शेजारशेजारची वस्ती जगात दुसरीकडे क्वचितच असेल. त्या देवीला वर्षानुवर्षं पांढरा ऑइलपेंट फासला जात होता, आतले नळ गंजले होते, पाणी पडायचं ते भलत्याच ठिकाणी. दुरुस्तीत रंग उतरला, दगड मोकळा झाला, नळ आणि पंप नवे आले, आणि २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा सुरू झालं. त्या परिसराच्या खोदकामात जुन्या ट्रामचे रूळही सापडले. माझ्या मते या कामातला सगळ्यांत चांगला निर्णय कोरीव कामाचा नव्हताच; कारंज्यातून पुन्हा पाणी वाहिलं पाहिजे हा होता. कोरडं कारंजं नुसतं रंगवून ठेवणं सोपं होतं, आणि स्वस्तही.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाविषयी थोडक्यात. जॉर्ज विटेटचा आराखडा, १९०५ मध्ये पायाभरणी, १९१४ मध्ये इमारत तयार. पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ गेलं आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. विटेटने विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहून घुमट काढला, दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा वापरला. शंभरी भरली त्याच वर्षी, २०२२ मध्ये, तिच्या संवर्धनालाही युनेस्कोचा ‘उत्कृष्टता’ पुरस्कार मिळाला. इथे मालक सरकार नाही, विश्वस्त संस्था आहे, आणि हा फरक मोठा आहे. विश्वस्त मंडळ गवंडी निवडताना सगळ्यांत स्वस्त कोण एवढंच बघत नाही.

महापालिकेला मात्र ते बघावं लागतं. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. लोकांचा पैसा आहे. अडचण दरसूचीत आहे. चौरस मीटर गिलावा, घनमीटर काँक्रीट यांचे दर तिथे छापलेले असतात. पोरबंदरच्या दगडात द्राक्षाचा वेल पुन्हा कोरायचा दर कुठून येणार? तो वेगळा काढावा लागतो, तीन ठिकाणांहून भाव मागवावे लागतात, त्यावर लेखापरीक्षक शंका काढतो, आणि शंका रास्तच असते. पुढच्या प्रकरणांत या कार्यालयाच्या निविदांचा भाग आला आहे तो वाचकांनी कंटाळून उलटू नये अशी माझी विनंती आहे. चांगल्या संवर्धन वास्तुविशारदाची ओळख मला तिथेच पटते: निविदेत नेमकं काय लिहिलं, कोणता दगड, कोणत्या प्रमाणात चुना, काय काढायचं आणि कशाला हातही लावायचा नाही. मालाडच्या खाणी आज इमारतींखाली गेल्या आहेत. तो दगड हवा तर पाडलेल्या वास्तूंचा जुना दगड शोधून आणावा लागतो. हे ज्याला माहीत नाही त्याने परगावाहून येऊन कितीही सुबक आराखडा काढला तरी काम अडणार. स्थानिक असण्याचा अर्थ या धंद्यात एवढा साधा आहे.

आणखी एक कौशल्य लागतं, ज्याची शाळा नाही. सार्वजनिक इमारत रिकामी नसते. तिथे कारकून बसलेले असतात, त्यांच्या पाठीशी छतापर्यंत फायली असतात, लाकडी जमिनीवर ज्यांचा भार येईल असं मूळ आराखड्यात कोणी धरलेलं नसतं. व्हरांडे प्लायवूडने बंद करून केबिनी काढलेल्या असतात. एसीच्या नळ्या दगडी कंगोऱ्यावर ठिबकत असतात. मूळ आराखड्यात नसलेलं स्वच्छतागृह कोणीतरी सोय म्हणून पहिल्या मजल्यावर काढलेलं असतं आणि ते खालच्या कमानीत झिरपत असतं. यातलं काहीही हलवायचं तर माणसांशी बोलावं लागतं: साहेबांची केबिन जाईल, कँटीन मागे सरकेल, युनियनची पाटी दुसरीकडे लागेल. पेटिट वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्याला त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशीही हवी असते, भायखळ्याच्या चर्चला रविवारची प्रार्थना चुकवता येत नाही. मला वाटतं या वापरामुळेच या इमारती वाचल्या. लोक रोज येतात म्हणून गळती लगेच कळते.

ज्यांना असा मालक आणि असा वापर उरला नाही त्यांची गत पाहायची तर काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शनसमोर उभं राहावं. एकेकाळचं वॉटसन हॉटेल. इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी सांगाड्याचे भाग जहाजाने आणून इथे जोडलेलं. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते इथेच. २००५ मध्ये तिचा एक भाग कोसळला. मालक, भाडेकरू, म्हाडा, न्यायालय असा फेरा वर्षानुवर्षं चालू आहे, आणि ती पाडावी असा तज्ज्ञ अहवालही येऊन गेला. मुंबईने १९९५ मध्ये वारसा इमारतींची नियमावली केली, देशात पहिली. त्या नियमावलीने पाडापाडी पुष्कळ रोखली. पण नियम इमारत पाडू देत नाहीत एवढंच. तिचं छप्पर शाकारायला ते कोणाला लावू शकत नाहीत. २०१८ मध्ये फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह भागातल्या ९४ इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, आणि आता त्या सगळ्यांच्या छपरांची जबाबदारी वाढली आहे.

देणगीदारांविषयीही एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. उद्योगसमूहांच्या पैशाने गेल्या वीस वर्षांत मोठी कामं झाली. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण देणगी मिळते ती उद्घाटनाला, फीत कापायला, पाटीवर नाव कोरायला. पन्हळ साफ करण्यासाठी आजवर कोणी धनादेश दिल्याचं ऐकिवात नाही. ती जबाबदारी मालकाची, म्हणजे पालिकेची, म्हणजे करदात्याची. संवर्धनाच्या प्रत्येक कामाबरोबर पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीसाठी वेगळं लेखाशीर्ष, एक नेमलेला माणूस आणि एक नोंदवही सक्तीची करावी, असं माझं मत आहे. मुंबईइतकंच ते पुण्याच्या विश्रामबागवाड्याला, कोल्हापूर-नागपूरच्या जुन्या कचेऱ्यांना आणि तालुक्याच्या गावातल्या शंभर वर्षांच्या वाचनालयांना लागू आहे.

तेव्हा वाचकांना एकच सांगणं. या पुस्तकातली छायाचित्रं पाहून झाली की आपल्या गावातली एक जुनी सार्वजनिक इमारत निवडा, नगरपालिकेची, शाळेची, मंडईची, कोणतीही, आणि गेल्या मे महिन्यात तिच्या छपरावर कोण चढलं होतं, त्याने काय केलं आणि त्याची नोंद कुठे आहे, हे लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयावर बंधनकारक आहे.